कॅट-कॉन काढण्याआधी या माणसाला ओळखा: यूजीन हुड्री

रात्री अकरानंतर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गोरेगाव ते बोरिवलीच्या पट्ट्यात उभं राहिलात, तर नव्या गाड्यांच्या गर्दीत मधूनच एखादा वेगळा आवाज कानावर येतो. वीस-बावीस वर्षांपूर्वीची होंडा सिटी व्हीटेक, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट पालिओ १.६, आणि नशीब फारच जोरावर असेल तर गोव्यात तयार झालेली दोन सीटांची सॅन स्टॉर्म. या गाड्या सांभाळणारी पोरं वेगळीच असतात. पगारातला निम्मा हिस्सा स्पेअर पार्टमध्ये घालवतात आणि वर खूश असतात.

अशी गाडी जुनी झाली की एक दिवस तिचा पिकअप पडतो. चढावर दम लागतो, तीन हजार आरपीएमच्या पुढे इंजिन जड वाटतं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये नेली की बहुतेक ठिकाणी सल्ला ठरलेला असतो. कॅट-कॉन चोक झालाय, तो काढून टाकू, मध्ये सरळ पाइप जोडू, गाडी पळायला लागेल आणि आवाजही मस्त येईल. काम तासाभराचं, खर्चही कमी.

कॅट-कॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाताना ज्या डब्यातून जातो तो. गाडीवेड्या मंडळींमध्ये या डब्याबद्दल एक समज आहे, की हा कुठल्यातरी सरकारी ऑफिसात बसलेल्या, गाड्या अजिबात न आवडणाऱ्या माणसाने आपल्या माथी मारलाय. प्रत्यक्षात ज्याने हा डबा डोक्यातून काढला तो स्वतः रेसिंगच्या नादाला लागलेला होता. त्याच्याकडे बुगाटी होती. इंजिनातून जास्त ताकद कशी काढायची, याच एका प्रश्नामागे त्याने घरचा पैसा आणि स्वतःची वीसेक वर्षं घातली. त्याचं नाव यूजीन हुड्री. फ्रेंच उच्चार उद्रीच्या जवळ जातो, पण तेलाच्या धंद्यात जगभर हुड्री हेच रूढ झालं, म्हणून आपणही तेच म्हणू.

पोलादाचा वारस, रणगाड्यांचा मेकॅनिक

हुड्रीचा जन्म १८ एप्रिल १८९२ चा, पॅरिसजवळच्या डोमाँ गावातला. वडिलांचा बांधकामाच्या पोलादाचा चांगला चाललेला धंदा होता. मुलाने इंजिनीअर होऊन तो पुढे न्यायचा हे जवळजवळ ठरलेलंच. पोरगा हुशार निघाला. पॅरिसला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून १९११ मध्ये वर्गात पहिला आला, सुवर्णपदक मिळवलं, आणि कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टनही होता. त्याच्या काळात ती टीम देशात पहिली आली. म्हणजे पुस्तकातला किडा नव्हता.

मग पहिलं महायुद्ध आलं. हुड्री आधी तोफखान्यात होता, तिथून रणगाड्यांच्या दलात गेला. रणगाडा तेव्हा इतकी नवी गोष्ट होती की फ्रान्सने तो पहिल्यांदा रणांगणात उतरवला १९१७ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी जुव्हँकूरच्या लढाईत हुड्री गंभीर जखमी झाला. त्याला क्रॉइक्स दे गेर हे शौर्यपदक मिळालं, आणि ते कशाबद्दल हे बघण्यासारखं आहे: तोफांचा मारा चालू असताना त्याने बंद पडलेल्या रणगाड्यांची दुरुस्ती चालू ठेवली होती. थोडक्यात, मेकॅनिकलाच पदक मिळालं.

युद्ध संपल्यावर तो घरच्या धंद्यात परतला, पण मन लागेना. रेसिंगचं वेड लागलं होतं. अमेरिकेत जाऊन त्याने इंडियानापोलिसची प्रसिद्ध रेस पाहिली, डेट्रॉइटला फोर्डचा कारखाना पाहिला. तिथे त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. इंजिनं झपाट्याने सुधारत होती, पण त्यांत घालायचं पेट्रोल होतं तिथेच होतं.

पेट्रोल कमी पडत होतं म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकी ताकद जास्त. पण हलक्या प्रतीचं पेट्रोल जास्त दाब सहन करत नाही. स्पार्कने पेटलेली ज्योत पोहोचण्याची वाट न बघता कुठेतरी आपोआप पेट घेतं. इंजिनातून खडखड असा आवाज येतो, त्यालाच नॉकिंग म्हणतात. फार झालं तर पिस्टन फुटतो. पेट्रोल हा दाब किती सहन करतं त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आज पंपावर ९१ किंवा ९५ लिहिलेलं असतं ते हेच.

त्या काळात कच्चं तेल उकळून वेगवेगळे भाग काढले जायचे. त्यातून पेट्रोल थोडंच निघायचं, जड तेल भरपूर उरायचं. जड तेलाचे लांबलचक रेणू प्रचंड उष्णता आणि दाब देऊन तोडता येत होते, पण त्यातून निघणारं पेट्रोलही फार चांगलं नसायचं. फ्रान्सची आणखी एक अडचण होती: जमिनीखाली तेल जवळजवळ नाहीच, कोळसा मात्र आहे.

१९२२ च्या सुमारास हुड्रीच्या कानावर आलं की नीस शहरातला प्रूदॉम नावाचा एक औषधविक्रेता हलक्या कोळशापासून, म्हणजे लिग्नाइटपासून, पेट्रोल बनवतोय आणि त्यासाठी उत्प्रेरक वापरतोय. शाळेत शिकलेली व्याख्या आठवा: स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणतो तो उत्प्रेरक. हुड्री रसायनशास्त्र शिकलेला नव्हता, पण त्याने प्रूदॉमला हाताशी घेतलं, पॅरिसजवळ बोशाँला प्रयोगशाळा उभी केली आणि काम सुरू केलं.

पुढची काही वर्षं म्हणजे एकामागून एक उत्प्रेरक तपासत बसणं. निकेल, इतर धातू, वेगवेगळ्या माती. शेकडो प्रकार. जमेल असं वाटलं की ते पेट्रोल स्वतःच्या गाडीत घालून रस्त्यावर न्यायचं आणि गाडी कशी ओढते ते बघायचं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांपेक्षा बुगाटीच्या एक्सिलरेटरवर त्याचा जास्त भरवसा होता. हे वाचून ज्यांना आपलं बोरिवलीचं गॅरेज आठवलं, ते चुकीचे नाहीत.

दरम्यान कोळशाचा प्रयोग पैशाच्या बाजूने बुडाला. १९२९ मध्ये सरकारी मदतीने दिवसाला ६० टन लिग्नाइट वापरणारा कारखाना उभा राहिला, पण तेलातून पेट्रोल काढण्यापेक्षा हा खर्च जास्त पडत होता. सरकारने हात काढून घेतला, कारखाना बंद झाला.

हुड्रीच्या हातात मात्र तोवर दुसरं काहीतरी आलं होतं. १९२७ मध्ये त्याला सापडलं होतं, की सिलिका आणि अॅल्युमिना असलेली एक विशिष्ट प्रकारची माती जड तेलाचे रेणू फारच छान तोडते आणि निघणारं पेट्रोल स्वच्छ, जास्त ऑक्टेनचं असतं. महागडा धातू नाही, साधी माती.

काजळी जाळायची युक्ती

इथे थोडं थांबूया, कारण तुमच्या गाडीखालच्या डब्याचं बीज याच ठिकाणी आहे.

तेल त्या मातीवर तुटायचं खरं, पण तुटताना मातीच्या कणांवर कार्बनचा थर बसायचा. काही मिनिटांत उत्प्रेरक काळा पडून निकामी. हा प्रश्न आधीच्या लोकांनाही पडला होता आणि बहुतेकांनी तिथेच हात टेकले होते. हुड्रीने वेगळा विचार केला. कार्बन बसतोय ना, मग तो तिथल्या तिथे जाळून टाकू. तेलाचा प्रवाह थांबवायचा, गरम हवा सोडायची, मातीवरची काजळी जळून जाते, माती पुन्हा ताजी. एका टाकीत तेल तुटत असताना शेजारच्या टाकीत काजळी जळत असते, ठराविक मिनिटांनी अदलाबदल. शिवाय काजळी जळताना निघणारी उष्णताही वाया घालवायची नाही, तीच पुढच्या तेलाला तापवायला वापरायची.

अर्धवट जळालेला कार्बन, गरम हवा, आणि दोघांना एकत्र आणणारा उत्प्रेरक. हा संच लक्षात ठेवा.

फ्रान्समध्ये कोणी मोठं गिऱ्हाईक मिळेना. १९३० मध्ये अमेरिकेच्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीने त्याला बोलावून घेतलं. तो बायको-मुलांसह अटलांटिक ओलांडून गेला, आणि वर्षभरात महामंदीच्या तडाख्यात ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन सोकोनी-व्हॅक्यूम झाली. नव्या मालकांकडे प्रयोगाला पुरेसा पैसा नव्हता, पण त्यांनी हुड्रीला दुसरा भागीदार शोधायची मोकळीक दिली. १९३३ मध्ये सन ऑइल आली. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हुक इथे सन ऑइलचा मोठा प्लांट सुरू झाला. दिवसाला १२,००० बॅरल तेल घेणारा. जुन्या पद्धतीत साधारण पाव हिस्सा पेट्रोल निघायचं, इथे जवळजवळ निम्मा माल उंच ऑक्टेनचं पेट्रोल म्हणून बाहेर पडत होता.

दोन वर्षांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं. लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचं इंधन लागायचं, आणि पहिल्या दोन वर्षांत दोस्त राष्ट्रांना उत्प्रेरकाने बनवलेलं जे विमान-पेट्रोल मिळालं त्यातलं ९० टक्के हुड्रीच्या पद्धतीने बनत होतं. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात जी विमानं लढली त्यांच्या टाकीत हे इंधन होतं. हुड्री स्वतः अमेरिकेत बसून द गॉल यांच्या बाजूने काम करणाऱ्या फ्रेंच लोकांच्या संघटनेचं नेतृत्व करत होता. त्याबद्दल जर्मनीपुढे झुकलेल्या व्हिशी सरकारने १९४१ मध्ये त्याचं फ्रेंच नागरिकत्वच काढून घेतलं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेचा नागरिक झाला. ज्या देशासाठी रणगाड्याखाली पडून काम केलं, त्या देशाच्या कागदोपत्री तो परका ठरला होता.

लवकरच त्याच्या टाक्यांपेक्षा सोपी पद्धत आली. त्यात उत्प्रेरकाची भुकटी वाफेसारखी पाइपातून वाहती ठेवतात, म्हणजे टाक्यांची अदलाबदल करावी लागत नाही. आजच्या रिफायनऱ्या ती वापरतात. पण तेल तोडायचं, काजळी जाळायची, उत्प्रेरक परत वापरायचा, हा गाभा हुड्रीचाच.

यात मुंबईचा एक धागा आहे. हुड्रीला अमेरिकेत बोलावणाऱ्या कंपनीची वारस सोकोनी-व्हॅक्यूम ही स्टॅनव्हॅक नावाच्या कंपनीत अर्ध्या हिश्शाची मालक होती. स्टॅनव्हॅकने १९५४ मध्ये आपल्या माहुलला रिफायनरी सुरू केली. पुढे ती एस्सोची झाली आणि १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्तान पेट्रोलियमची. १९५५ मध्ये शेजारी बर्मा-शेलची उभी राहिली, ती आज भारत पेट्रोलियमकडे आहे. चेंबूरमधल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून जी चिमणीची ज्योत दिसते ती याच दोघांची. तिथली उत्प्रेरकाची युनिटं आजही जड तेल तोडून पेट्रोल बनवतात. आणि याच पट्ट्याला मुंबईकर कित्येक वर्षं गॅस चेंबर म्हणत आलेत, हेही खरं.

साठीला आल्यावर उलटा प्रवास

१९५० च्या आसपास हुड्री साठीकडे झुकला होता. पैसा होता, नाव होतं, शंभराच्या आसपास पेटंटं जमत आली होती. इतर कोणी असता तर गोल्फ खेळला असता.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसमधून विचित्र बातम्या येत होत्या. दुपारी शहरावर तपकिरी धुकं उतरायचं, डोळे चुरचुरायचे, झाडांची पानं करपायची. आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातलं न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की हे धुकं तयार होतं. कारखान्यांइतकाच, किंबहुना जास्त, दोष गाड्यांचा होता.

हुड्रीने हे मनावर घेतलं. आयुष्यभर त्याने लोकांना जास्त आणि चांगलं पेट्रोल मिळेल असं बघितलं होतं, आणि आता ते पेट्रोल कुठे जातं हे समोर दिसत होतं. त्याने पश्चात्तापाची भाषा केली की नाही यापेक्षा त्याने काय केलं ते महत्त्वाचं वाटतं: ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची नवी कंपनी काढली आणि जुनीच युक्ती दुसऱ्या टोकाला लावली. रिफायनरीत मातीवरची काजळी उत्प्रेरकाच्या मदतीने जाळायची होती. इथे गाडीच्या धुरातलं न जळलेलं पेट्रोल आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड उत्प्रेरकावर जाळायचं होतं. ज्वाळा नको, स्पार्क नको. गरम धूर प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप असलेल्या पृष्ठभागावरून गेला की उरलेलं जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. १९५६ मध्ये त्याला या उपकरणाचं पेटंट मिळालं.

आणि मग सगळं अडलं. कारण पेट्रोलमध्ये शिसं होतं.

१९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजलीने नॉकिंगवर स्वस्त इलाज शोधला होता: पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घालायचं. ऑक्टेन लगेच वाढतो. हुड्री ज्या प्रश्नामागे मातीचे शेकडो नमुने तपासत बसला, त्याच प्रश्नाचं हे शॉर्टकट उत्तर. शिसं माणसाला विषारी, मुलांच्या मेंदूला तर फारच, हे तेव्हाही अगदीच अज्ञात नव्हतं. तरीही जगभर पंपांवर तेच विकलं जात राहिलं. या शिशाचा थर प्लॅटिनमवर बसला की उत्प्रेरक मरतो. काजळीसारखा तो जाळूनही टाकता येत नाही. काही टाक्या शिशाचं पेट्रोल पोटात गेलं की कन्व्हर्टर म्हणजे नुसता लोखंडी डबा.

हुड्रीकडे याला उत्तर नव्हतं. पेट्रोलमधून शिसं काढायला लावणं एका माणसाच्या हातात नव्हतं. मग त्याने जिथे बिनशिशाचं पेट्रोल चालतं अशी ठिकाणं शोधली. गोदामांतली फोर्कलिफ्ट. बंद छताखाली दिवसभर धूर सोडणारी ही यंत्रं कामगारांचा जीव घुसमटवायची. हुड्रीचा डबा तिथे लागला. कारखान्यांच्या धुराड्यांवरही त्याची उपकरणं बसली. रस्त्यावरच्या गाडीवर मात्र नाही.

१८ जुलै १९६२ ला पेनसिल्व्हेनियात तो गेला. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता, आणि ज्या गाड्यांसाठी तो डबा बनवला होता त्यांतल्या एकीतही तो बसवलेला त्याने पाहिला नाही.

तो गेल्यावर

पुढचं थोडक्यात सांगतो. १९७० मध्ये अमेरिकेने स्वच्छ हवेचा कडक कायदा केला. त्यातले आकडे गाठायचे तर कन्व्हर्टरशिवाय मार्ग नव्हता, आणि कन्व्हर्टर जगवायचा तर शिसं काढण्याशिवाय मार्ग नव्हता. म्हणजे हुड्री ज्या भिंतीवर आपटला ती कायद्याने पाडली. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांना कन्व्हर्टर लागले. त्याच दशकात एंगेलहार्ड कंपनीत जॉन मूनी आणि कार्ल कीथ यांच्या टीमने थ्री-वे कन्व्हर्टर आणला. तो कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलबरोबर नायट्रोजन ऑक्साइडचाही बंदोबस्त करतो. तुमच्या गाडीखाली आहे तो हाच.

मुंबईत हा डबा आला १ एप्रिल १९९५ ला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच दिवसापासून तिथे बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. पण सगळ्या देशात नाही. त्यामुळे त्या काळात नवी गाडी घेणाऱ्यांना एक वेगळीच धास्ती असायची: गावाला जाताना वाटेत चुकून शिशाचं पेट्रोल भरलं तर? हुड्रीचा जुना शत्रू आपल्या हायवेवर अजून जिवंत होता. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसं बंद झालं तेव्हा ती कटकट संपली. जगातला शेवटचा शिशाचा पंप अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाला. म्हणजे अगदी परवा.

आता तुमच्या गाडीकडे येऊ

डबा उघडला तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी दिसते. बारीक बारीक सरळ नळ्या. त्यांच्या भिंतींवर अॅल्युमिनाचा खडबडीत लेप आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावरच हे काम करतं. म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं सर्वांत जास्त घाण बाहेर पडते.

ही जाळी आपण होऊन सहसा चोक होत नाही. तिला मारणारं काहीतरी इंजिनात असतं. एखादा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल गेली की न जळलेलं पेट्रोल थेट जाळीवर येऊन पेटतं, जाळी वितळते आणि वाट बंद होते. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजले असतील तर इंजिन ऑइल जळतं आणि त्याची राख लेपावर बसते. ऑक्सिजन सेन्सर मेला तर इंजिन उगाच जास्त पेट्रोल पितं. म्हणून डबा काढला, पाइप जोडला, तरी मूळ आजार तसाच राहतो. फक्त त्याची खूण सांगणारा भाग तुम्ही काढून टाकलेला असतो.

मग गाडी पळायला लागते ते? चोक झालेली जाळी काढली की फरक पडणारच, कारण इंजिनाचा श्वास मोकळा होतो. पण तो फरक चोक आणि मोकळी यांमधला आहे. चांगल्या स्थितीतला कन्व्हर्टर काढून साध्या दीड लिटरच्या इंजिनात जी ताकद वाढते ती बहुतेकांना सीटवर बसून जाणवतही नाही. जाणवतो तो आवाज. आणि वास. सिग्नलला उभं असताना मागच्या रिक्षावाल्याच्या आणि बाइकवाल्याच्या नाकात जातो तो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असा मूळ रचनेचा बदल करू देत नाही. प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवली तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिन्यांसाठी रद्द. पीयूसीतही पंचाईत होते. २००० च्या आधीच्या जुन्या पेट्रोल कारला धुरात ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ कारला मर्यादा ०.५ टक्के, बीएस-४ ला ०.३. सरळ पाइप जोडून ०.५ च्या खाली राहणं अवघडच आहे.

मग करायचं काय? आधी खरंच चोक आहे का ते बघून घ्या. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून मागे दाब किती साठतो ते मोजता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. डब्यावर रबरी हातोडीने हलकं मारल्यावर आत काही खुळखुळलं, तर जाळी तुटली आहे. मग प्लग, कॉइल, सेन्सर, ऑइल पिणं, हे सगळं आधी दुरुस्त करा आणि त्यानंतरच नवा कन्व्हर्टर टाका. नाहीतर नवाही वर्षात जाईल. कंपनीचा मूळ पार्ट जुन्या गाड्यांना मिळणं कठीण असतं आणि मिळाला तर महाग. बाहेरच्या ब्रँडचा, तुमच्या इंजिनाच्या क्षमतेला बसणारा युनिव्हर्सल कन्व्हर्टर वेल्ड करून बसवता येतो. ज्यांना स्पोर्टी एक्झॉस्टच हवा त्यांच्यासाठी मोठ्या नळ्यांचा हाय-फ्लो कन्व्हर्टर असतो. तो धूर साफ करतो आणि अडथळाही कमी करतो, पण लेपात धातू कमी असेल तर पीयूसीत घाम फोडतो, म्हणून अगदी स्वस्तातला घेऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुसऱ्या गाडीतून काढलेले मिळतील. तिथे घेताना टॉर्च मारून जाळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. डबा नवा कोरा दिसतो आणि आत जाळीच नसते, असंही होतं.

आणि जुना काढलेला डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. आतली जाळी वितळली असली तरी प्लॅटिनम, पॅलेडियम तिथेच असतं आणि त्याला भंगारात चांगला भाव आहे. गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाण्यात उभ्या ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जातायत ते याच भुकटीसाठी. फुकट काढून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी विचारून घ्या, काढलेला डबा तो तुम्हाला परत देणार आहे का.